तारेतून पैसा जात नाही, निरोप जातो

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या एका बँक सखीने केलेलं हे बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या मैत्रिणींनी मागितलं, म्हणून तिच्याकडून लिहून घेऊन इथे देत आहोत.)



आज मला विषय दिलाय परदेशातून येणाऱ्या पैशांचा. ज्यांच्या घरचं माणूस कुवेत, दुबई, मस्कत, कतारला आहे, त्यांनी जरा हात वर करा बघू. जवळजवळ निम्म्या जणी की गं! आता त्यातल्या किती जणींच्या स्वतःच्या नावावर पैसे येतात? हं. हात खाली आले. बोलायचं ते यावरच आहे, पण जरा लांबून वळसा घेऊन येते. कंटाळू नका, वाटेत गोष्टी आहेत.

मागच्या वर्षी रत्नागिरीला एका बँकेच्या मोठ्या शाखेत काम होतं. तिथे भिंतीवर परकी चलनाच्या दरांचा फलक होता. डॉलर, पौंड, दिरहम, रियाल, आणि वरच्या रकान्यात लिहिलेलं ‘टी.टी.’. मी साहेबांना विचारलं, हे टी.टी. काय? म्हणाले, टेलिग्राफिक ट्रान्स्फर, म्हणजे तारेने पाठवलेला पैसा. मला हसूच आलं. आपल्याकडे तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. १४ जुलैला लोकांनी शेवटच्या तारा करायला रांगा लावल्या होत्या, टीव्हीवर दाखवत होते. तार गेली, पण बँकेच्या फलकावर तिचं नाव अजून आहे! तेव्हापासून मी याच्या मागे लागले. तारेतून पैसा जायचा कसा?

एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. १८७० साली जर्मनी आणि फ्रान्सची लढाई चालू होती. कार्ल्सरूह गावची एक आई तारघरात गेली. हातात ताटलीभर आंबवलेला कोबी. तिकडचं ते आवडीचं खाणं, आपल्याकडे लोणचं म्हणावं तसं. म्हणाली, माझा लेक लढाईवर आहे, एवढं तारेने पाठवून द्या. तारबाबूने समजावलं, बाई, तारेतून वस्तू जात नाही. ती म्हणाली, जात नाही कशी? इतके सैनिक तारेने पाठवले म्हणून सगळे सांगतात ना!

तुम्ही हसलात. पण मला सांगा, दुबईला त्याने काउंटरवर नोटा भरल्या आणि इथे आपण नोटा घेतल्या, तर मधे काय गेलं? आपल्यालाही मनातून असंच वाटतं ना, की त्याच्याच नोटा कुठूनतरी आल्या?

नोटा जात नाहीत. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. समजा मी इथल्या गटाच्या पेटीत पाचशे रुपये भरले. अध्यक्षताईंनी चिपळूणच्या गटाला फोन केला, ‘आमच्याकडे पाचशे भरले आहेत, तुमच्या पेटीतून अमक्या बाईला द्या.’ तिने तिथे घेतले. माझी नोट इथेच राहिली, तिला मिळाली ती चिपळूणची नोट. गेला तो फक्त निरोप. दोन गटांचा हिशोब मागाहून महिनाअखेरीस जुळवायचा. आपल्या सावकारी पेढ्या हुंडी लिहीत, तिथेही हेच, फक्त निरोप कागदावर असे आणि माणसाबरोबर जात असे. तारेने एवढंच केलं की तो निरोप काही मिनिटांत पोचवला.

अमेरिकेतल्या तारेचीच गोष्ट घ्या. सॅम्युअल मोर्स नावाच्या माणसाने २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला मोठा निरोप पाठवला. टिंब आणि रेघ, टिंब आणि रेघ. त्यातून अक्षरं. पुढे ठिकठिकाणी कंपन्या निघाल्या. त्यातली एक १८५१ साली रॉचेस्टर गावात निघाली आणि १८५६ साली तिने नाव घेतलं वेस्टर्न युनियन. पिवळी-काळी पाटी आठवली ना? तीच. १८६१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची तार जोडली गेली. त्याआधी घोडेस्वार टपाल नेत, घोडे बदलत बदलत दहा दिवसांत. तार जोडली आणि दोन दिवसांत त्या घोड्यांचं टपाल बंद.

इथे एक बाई आठवते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सारा बॅगली. लोवेल गावच्या कापडगिरणीत कामाला होती. दिवसाचं काम दहा तासांवर यावं म्हणून गिरणीतल्या बायकांना तिने एकत्र केलं. १८४६ साली ती लोवेलच्या तारघरात लागली. तारेच्या यंत्रावर बसणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी ती. आणि नंतर तिला कळलं काय, की जागेवर आधी होता त्या पुरुषापेक्षा तिचा पगार कमी! काम तेच, यंत्र तेच. असो. तिच्यामागून अमेरिकेत पुष्कळ बायका तारयंत्रावर बसल्या.

तर पैसा. वेस्टर्न युनियनने १८७१ साली तारेने पैसे पाठवायची सोय सुरू केली. सोय म्हटली की लबाडी आलीच. तारयंत्रावर बसलेला कोणीही निरोप वाचू शकतो. उद्या एखाद्याने खोटाच निरोप पाठवला, ‘अमक्याला शंभर डॉलर द्या’, तर? आणि काउंटरवर येऊन ‘मीच तो अमका’ म्हणणारा खरा कशावरून?

त्यावर १८७२ मध्ये त्यांनी डोकं लावलं. एका वेळी शंभर डॉलरपर्यंतची रक्कम, काही शे गावांमध्ये. सगळ्या देशाचे वीस विभाग केले, प्रत्येकावर एक अधीक्षक. पैसे भरून घेणारं तारघर थेट दुसऱ्या तारघराला सांगत नसे. आधी अधीक्षकाला कळवायचं, मग अधीक्षक पैसे देणाऱ्या तारघराला हुकूम देणार. दोन्ही निरोप सांकेतिक. प्रत्येक तारघरात एक पुस्तक, त्यात शेकडो शब्द आणि प्रत्येक शब्दासमोर आकडा. गंमत अशी, की प्रत्येक तारघराच्या पुस्तकात आकडे वेगळे! सगळ्या पुस्तकांच्या प्रती फक्त अधीक्षकाकडे. म्हणजे या तारघरातल्या माणसाने लबाडी करून त्या तारघराला निरोप ठोकला, तरी त्याला तिथला शब्द माहीतच नाही. आपल्या पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तिघींकडे असतात ना, तसंच म्हणा.

पैसे घेणाऱ्याची ओळख पटवायलाही युक्ती निघाली. पाठवणारा एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर देऊन ठेवी. घेणाऱ्याने तेच उत्तर दिलं तर पैसे. १८७७ पर्यंत वर्षाला अडतीस हजारांवर व्यवहार आणि जवळजवळ पंचवीस लाख डॉलर या वाटेने जाऊ लागले. दर व्यवहाराला सरासरी पासष्ट डॉलरही नाहीत. म्हणजे मोठे शेठ-सावकार नव्हेत, साधीच माणसं जास्त असणार.

हे आपल्याकडेही आलं. १८७० साली ग्रेट ईस्टर्न नावाच्या अजस्र बोटीने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली, आणि मुंबई लंडनला जोडली गेली. पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि तारेची मनीऑर्डर १८८४ साली. या दोन मनीऑर्डरींवर आपलं कोकण किती वर्षं जगलं, ते मी तुम्हाला काय सांगू! मनीऑर्डरवरचा जिल्हा म्हणूनच आपली ओळख होती.

माझे बाबा गिरणीत होते, परळला. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा. फॉर्मच्या खाली कुपन असायचं, त्यावर बाबा चार ओळी लिहायचे. आई कुपनाची वाट जास्त बघायची. पण मनीऑर्डर असायची आजोबांच्या नावावर. पैसे पडवीत मोजले जायचे आणि आई दाराआड उभी असायची. मीठ-मिरचीला पैसे हवे असले तरी आजोबांना विचारायचं. ते वाईट नव्हते हो. पण विचारायला लागायचं.

आजी एकदा फार आजारी पडली तेव्हा बाबांनी तारेने मनीऑर्डर केली. पोस्टमन वेळ नसताना आलेला बघून आई अंगणातच रडायला लागली. तार म्हणजे वाईट बातमी, हेच डोक्यात. त्याने ओरडून सांगितलं, ‘वहिनी, रडू नका, पैसे आलेत!’ तेही आजोबांनीच मोजून घेतले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, आणि पोस्टमन आमच्या दारावरून नुसता हात करून पुढे जायला लागला. तेव्हा आईच्या नावावर कुठेही एक रुपया नव्हता.

आता आजचं. अमेरिकेत वेस्टर्न युनियनने २७ जानेवारी २००६ ला शेवटची तार पाठवली आणि तार कायमची बंद केली. म्हणजे जोडधंदा म्हणून काढलेली पैशाची सोय तेवढी उरली, आणि ती दोनशेहून जास्त देश-प्रदेशांत पसरली. आपल्या पोस्टातही २००१ साली त्यांच्याबरोबर ही सेवा आली. बँका आपसांत ‘स्विफ्ट’ वापरतात. पंधरा देशांतल्या २३९ बँकांनी १९७३ साली बेल्जियममध्ये ही संस्था काढली. तीही पैसे नेत नाही, बँकेचा बँकेला निरोप नेते. आणि भारतात किती येतात? २०२२ साली बाहेर गेलेल्या माणसांनी आपल्या देशात पाठवलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरच्या वर गेली. एका वर्षात एवढी रक्कम मिळालेला हा पहिला देश. त्यात तुमच्या-आमच्या घरचे पंधरा-वीस हजार आहेत बरं का.

रीत तीच आहे, शब्दांच्या पुस्तकाऐवजी आकडे आले. तो तिकडे पैसे भरतो, त्याला पावतीवर एक नंबर मिळतो. वेस्टर्न युनियनचा दहा आकडी असतो. तो तुम्हाला कळवतो. तुम्ही एजंटाकडे नंबर आणि ओळखपत्र घेऊन जाता, तो त्याच्या गल्ल्यातून पैसे देतो. नंबर म्हणजे निरोपाची किल्ली. ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नसते! आमच्या वाडीतल्या एका घरात टाकला होता. दिराच्या मित्रापर्यंत पोचला. नशिबाने ताई आधी पोचल्या.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या एका गटातल्या ताईंचा नवरा कुवेतला आहे. सात वर्षं पैसे दिराच्या खात्यावर येत होते. ताईंना शिलाई मशीन घ्यायला कर्ज हवं होतं. बँकेने विचारलं, घरात उत्पन्न किती? ताई म्हणाल्या, नवरा महिन्याला वीस हजार पाठवतो. पासबुक दाखवा. पासबुकात काय, तर गॅसची सबसिडी! सात वर्षांचे पैसे खऱ्याने आले होते, पण कागदावर ताई कोणीच नव्हत्या. मला त्या दिवशी दाराआडची आई आठवली.

ताईंनी नवऱ्याला फोन केला. तो चांगला माणूस. म्हणाला, यापुढे तुझ्याच नावावर. पहिले पैसे आले आणि एजंटाने दिलेच नाहीत. का? नवऱ्याने लग्नानंतरचं नाव लिहिलं होतं, आधारवर माहेरचं. दोन फेऱ्या फुकट, ताई चिडल्या. मी म्हटलं, चिडू नका, त्याने बरोबर केलं. उद्या तुमच्या नावाशी जरासं जुळणारी दुसरी कोणी आली आणि त्याने दिले असते तर? नवऱ्याने तिकडच्या काउंटरवर जाऊन नाव दुरुस्त करून घेतलं, मग मिळाले. तेव्हा फोनवर नाव सांगू नका. आधारचा फोटो फक्त त्याला पाठवा आणि सांगा, अक्षर न् अक्षर असंच लिही. आणि सावकाशीने आधार, पासबुक, पॅन तिन्हींवर एकच नाव करून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे नियमही माहीत असू द्यात. अशा कंपन्यांमार्फत एका वेळी जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर येऊ शकतात. एका व्यक्तीला वर्षात तीस वेळा. रोख फक्त पन्नास हजार रुपयांपर्यंत, त्यावर असेल तर चेकने किंवा खात्यात. पैसे घरखर्चासाठीचे हवेत. धंद्याचे, जमीन खरेदीचे किंवा संस्थेची देणगी म्हणून या वाटेने घेता येत नाहीत. घेणाऱ्याने काही फी द्यायची नसते, ती पाठवणाऱ्याने आधीच भरलेली असते. ‘चहापाण्याचं’ कोणी मागितलं तर पावती मागा, तोंड आपोआप बंद होतं. आणि नवऱ्याने किंवा मुलाने पाठवलेल्या पैशांवर तुम्हाला आयकर नाही, कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

फी म्हटली की आठवलं. तिकडे पाटी असते, ‘फी शून्य’. आपला माणूस खूष. पण दर बघत नाही. आकडे समजायला म्हणून घेते. एकाची फी पंधरा दिरहम आणि दर २२ रुपये ६० पैसे. दुसऱ्याची फी शून्य आणि दर २२ रुपये. तुमच्या माणसाच्या खिशात १०१५ दिरहम आहेत. पहिल्याकडे पंधरा फी गेली, हजाराचे मिळाले २२,६००. दुसऱ्याकडे पूर्ण १०१५ चे मिळाले २२,३३०. फुकटवाल्याने २७० रुपये खाल्ले. महिन्याला २७०, वर्षाला ३,२४०. गटाची वर्षभराची बचत झाली की नाही! म्हणून त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा, ‘सगळं जाऊन घरी हातात किती रुपये पडतील?’

हवालाही चालतो, मला माहीत आहे. दर बरा देतात, घरपोच देतात. पण तो कायद्याने गुन्हा आहे आणि हातात पावती नसते. पैसे बुडाले तर कोणाकडे जाणार? आणि बुडाले नाहीत तरी पुन्हा तेच, पासबुकात तुम्ही कोणीच नाही.

आता फसवणूक. दुसऱ्या प्रभागातल्या एका मावशींना फोन आला, ‘तुमच्या मुलाने परदेशातून पैसे पाठवलेत, ते अडकलेत, सोडवायला आठ हजार भरा.’ मुलगा खरंच मस्कतला, म्हणून विश्वास बसला. भरले. मग अजून सहा मागितले, तेव्हा मुलाला फोन लावला. येणाऱ्या पैशांसाठी आधी पैसे भरायला लागत नाहीत, कधीच नाही. आणि फोनमधला यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घ्यायला पिन टाकायचा नसतो. असा घोटाळा झालाच तर लाजून घरात बसू नका, १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर, तितकं पैसे वाटेत थांबवता येण्याची आशा. मावशी तीन दिवस कोणाला बोलल्याच नाहीत. मुलगा ओरडेल म्हणून.

घरी हा विषय कसा काढायचा, असं मघाशी एकीने हळूच विचारलं. सासरे आहेत, दीर आहेत, भांडण होईल. होईल थोडं. त्या शिलाईवाल्या ताईंनी काय केलं सांगते. सगळेच पैसे मागितले नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, मुलांच्या शाळेचे आणि गटाच्या हप्त्याचे पाच हजार तेवढे माझ्या खात्यावर, बाकी नेहमीसारखे भाऊजींकडे. सहा महिने पासबुकात दर महिन्याला नोंद दिसली. सातव्या महिन्यात बँकेकडे गेल्या. मशीन आलंय, गणपतीच्या आधीच आलं.

पुढच्या मंगळवारी मी ग्रामसंघाच्या कार्यालयात अकरा वाजल्यापासून आहे. येताना आधार, पासबुक आणि पॅन असेल तर तेही घेऊन या. तिन्हींवरचं नाव आपण एकत्र बसून जुळवून बघू. ज्यांच्या घरचं माणूस बाहेर आहे, त्यांनी त्याच्या शेवटच्या पावतीचा फोटो मागवून ठेवा, दर किती लावला ते मी बघून सांगेन. आणि नंबर झाकून मागवा गं.